खानेसुमारी

डंडीत जानेवारीत साडेआठलाही उजाडत नाही.
तिसऱ्या मजल्यावर दिवे लावून बसते मी.
पुढ्यात कापसाचं बोंड असलेल्या काड्या,
बारकोडच्या चिकटपट्ट्या, आणि कोरा तक्ता:
माणसाच्या अंगावर कोण कोण राहतं
त्याची खानेसुमारी.

शिरगणती म्हणवत नाही.
ज्यांना मोजायचं त्यांना शिरच नाही.

आदल्या रात्रीपासून अंघोळ नको, अत्तर नको, साबण तर नकोच.
लोक ओशाळून येतात,
पाहुणा दारात आणि घर आवरायचं राहिलेलं, तसे.
मी म्हणते, असू द्या,
आम्हाला पसाराच हवाय.

कोपराच्या खळगीत पन्नास वेळा काडी फिरवते.
कोपराला कोणी गूळ लावला असेल
तर तोही येईल तक्त्यात.
कानामागून येतात ते तिखट नसतात,
तेलकट असतात.
बेंबीच्या देठापाशी अख्खा गाव वसलेला,
आणि ओरडत कोणीच नाही.

आतड्यातल्यांसाठी कार्यालयाचा शब्द लांबलचक आहे.
मनात मी त्यांना पोटभाडेकरू म्हणते.
करार नाही, पागडी नाही,
घर सोडा म्हणायची सोय नाही.
मालक नेमका कोण,
हे आकडे पाहिल्यावर छातीठोक सांगवत नाही.

मंगळवारी गेडिसबाई आल्या.
मोराग गेडिस, वय चौऱ्याऐंशी.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागल्या,
मागांच्या खडखडाटात ओठ वाचायला शिकल्या,
अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही.
माझ्या तोंडावर मास्क.
मग प्रत्येक सूचना कागदावर लिहून दाखवली,
आणि त्यांनी माझं एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

फॉर्मवर तळहात होता, बोटं नव्हती.
त्यांनीच विचारलं, अंगठीखालचं नाही का घेणार?
एकसष्ट सालापासून काढलेली नाही.
साबणाशिवाय निघत नाही,
आणि साबण तर तुम्हीच बंद केलात.

अंगठी पाव वळसा फिरवली.
खाली पांढुरकी, मऊ, ऊन न पाहिलेली चामडी.
सगळ्यात बारीक काडी आत सरकवली.
"विलीला जाऊन बावीस वर्षं झाली," म्हणाल्या,
"सापडला तर कळवा."
आणि हसता हसता त्यांना खोकला लागला.

तीन आठवड्यांनी यादी आली.
बहुतेक ओळखीचेच: स्टॅफिलोकॉकस, कोरीनेबॅक्टेरियम,
अंगणात रोज दिसणारी मंडळी.
एकशे अकराव्या ओळीत मात्र नाव नाही.
कुठल्याच संग्रहाशी जुळेना.
डॉक्टर फिन्ले म्हणाले, काहीतरी मिसळलं असणार, पुन्हा चालव.
पुन्हा चालवलं. तेच.
तिसऱ्यांदा तेच.
मग त्याला एक आकडा दिला आणि चहाला गेलो.

डाव्या हाताचं ते बोट.
आमच्या भाषेत त्याचं नाव अनामिका.
हे मी कोणाला बोलले नाही.
आधी शब्द समजावावा लागला असता,
आणि समजावता समजावता
तो माझ्या हातून गेला असता.

गेडिसबाईंना छापील पत्र गेलं:
सहभागाबद्दल आभार.
वैयक्तिक निष्कर्ष कळवले जात नाहीत.
खाली जागा होती, तिथे पेनाने
काहीतरी लिहावंसं वाटलं.
काय लिहायचं ते सुचलं नाही.

त्या मंगळवारचं एक मात्र तक्त्यात नाही.
हातमोजे काढून मी कोट द्यायला उठले, तेव्हा
त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला,
बराच वेळ,
अंगठी माझ्या बोटाच्या पेराला रुतेपर्यंत.
खिडकीखाली टे नदी, ओहोटीची, राखाडी.
बेसिन दोन पावलांवर होतं.
वर नियम चिकटवलेला होता, चित्रासकट.

धुतले मी हात.
लगेच नाही.